मातीला कोण गाईल

डेल्मर आयसन मागच्या ओसरीवर आला तेव्हा त्याने टोपी काढली नाही. तेवढ्यावरून वर्लीनला कळलं, की हा आज भाऊ म्हणून आलेला नाही, देवळातल्या मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, म्हणून आलाय. भाऊ म्हणून आला असता तर टोपी खुर्चीवर भिरकावून आधी चुलीवरच्या पातेल्यात डोकावला असता.

"बस की," ती म्हणाली. "उभ्या उभ्याच न्याय करणार आहेस?"

"न्याय मी करत नाही. मंडळी करते."

"मग मंडळीला म्हणावं बस. या घेवड्याच्या शेंगा आहेत, शिरा काढायला लाग."

डेल्मर बसला. चाळिशी उलटलेला, देवळात बोलायला उभा राहिला की खिडक्या हादरवणारा हा माणूस थोरल्या बहिणीने मांडीवर शेंगा टाकल्यावर मुकाट्याने शिरा काढायला लागला. आयसनांच्या घरात बायकांनी असंच राज्य केलेलं आहे, पुरुषांना ते कळू न देता.

"शनिवारी पलीकडे गेली होतीस," तो म्हणाला.

"गेले होते."

"गायलीस."

"तिकडे काय कपडे धुवायला जातात?"

पलीकडे म्हणजे डोंगराच्या पलीकडे, राज्याची हद्द ओलांडून. तिथे लाकडी फळ्यांचा एक मोठा हॉल आहे. दर शनिवारी तिथे फिडल, गिटार आणि बँजो वाजतात, लोक नाचतात आणि बियर पितात. वर्लीन तिथे शनिवारी नऊ वर्षांनी गायली, आणि ती परत घरी पोचायच्या आत बातमी आमच्या खोऱ्यात पोचली होती. तिथे जाणं पाप, पण तिथे कोण दिसलं हे इथे येऊन सांगणं मात्र पुण्य, अशी आमच्याकडची पद्धत. या वेळी ते पुण्य डेल्मरच्या बायकोच्या, विल्माच्या, चुलतभावाने पदरात पाडून घेतलं होतं.

"तुला कुणी काही म्हटलं नसतं," डेल्मर म्हणाला. "पूर्वी कोण म्हणत होतं? पण आता तुझा बाप्तिस्मा झालाय. तू मंडळीत आहेस."

"होबार्टसाठी घेतला मी तो."

"देवासाठी घेतात, वर्लीन."

"देवाने मागितला नव्हता. होबार्टने मागितला."

हे खरं होतं. नवऱ्याची, होबार्टची, फुफ्फुसं खाणीतल्या कोळशाच्या धुळीने भरली तेव्हा वर्लीन आपली बस, आपले वादक आणि अर्धवट राहिलेला दौरा सोडून घरी आली. काही महिन्यांचं काम आहे असं डॉक्टर म्हणाले होते. नऊ वर्षं लागली. मधल्या एका जानेवारीत होबार्टने हट्ट धरला, की मेल्यावर दोघं एका ठिकाणी असायला हवेत, तेव्हा तूही नदीत उतर. ती उतरली. काठावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडून डेल्मरनेच तिला पाण्यात बुडवून वर काढलं होतं. होबार्ट या वसंतात गेला, आणि ती आईकडे, ऑर्फाकडे, राहायला आली.

"उद्या बैठक आहे," डेल्मर म्हणाला. "कुणी उठून तुझी तक्रार केली, तर मला ती घ्यावी लागेल. बाहेर काढतील तुला."

"काढू देत."

"आणि आईच्या मातीला कोण गाणार?"

वर्लीनचा हात थांबला. आईच्या मातीला पहिलं गाणं लेकीने उचलायचं, हे आयसनांच्या घरात चालत आलेलं आहे. आमच्या देवळात वाद्य नसतं. एक जण ओळ सांगतो, बाकीचे ती ओढत ओढत म्हणतात. थडग्यापाशी ती ओळ मुलीने सांगायची. ऑर्फाने तिच्या आईच्या मातीला सांगितली, तेव्हा घोडे गप्प झाले होते म्हणे. पण मंडळीतून काढलेल्या माणसाला थडग्यापाशी उभं राहता येत नाही. त्याने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ऑर्फाचं हृदय थकलं होतं, पाय सुजून खांबाएवढे झाले होते. हा हिवाळा काढेल, किंवा आणखी चार काढेल, असं डॉक्टर सांगत होते. आमच्या डॉक्टरांना एवढंच सांगता येतं.

"मी सगळ्या घरी जाऊन आलोय," डेल्मर आवाज खाली आणून म्हणाला. "एकेकाला भेटलो. तक्रारीला सदा तयार असणाऱ्या रॅन्समलासुद्धा. उद्या कुणी उठणार नाही. मी विचारीन, मंडळीत शांती आहे का, आणि सगळे गप्प बसतील. विषय संपला."

वर्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. मंडळीचा वडील घरोघरी जाऊन पापावर पांघरूण घाला म्हणून सांगत फिरला होता. हे बाहेर फुटलं असतं तर तिच्याआधी तोच बाहेर गेला असता.

"त्याच्या बदल्यात काय?"

"लॉनीच्या बसमधून दौऱ्यावर गायला जायचं नाही. आई आहे तोवर थांब. तिची माती कर, गा, आणि मग जा कुठं जायचं तिथं. तेव्हा मी अडवणार नाही. कुणालाच अडवू देणार नाही."

"सेहेचाळीसची आहे मी, डेल्मर."

"माहीत आहे."

"आई चार वर्षं जगली तर पन्नास होईन."

"मग काय करायचं? आईला सांगायचं, लवकर आटप?"

दोघांनीही एकदम घराच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे ऑर्फाची खाट होती.

"आवाज आहे का गं अजून?" डेल्मरने विचारलं. हे मात्र त्याने भाऊ म्हणून विचारलं.

"आवाज आहे. दम नाही. नऊ वर्षं होबार्टबरोबर श्वास घेत होते ना मी. तो अडकला की माझाही अडकायचा. दुसऱ्या कडव्याला ओळ पुरेना, तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून निभावलं." ती जराशी हसली. "पण डेल्मर, मला इतकं बरं वाटलं. इतकं बरं मला तुझ्या नदीत नाही वाटलं."

डेल्मरने उरलेल्या शेंगा पातेल्यात टाकल्या आणि तो उठला. "हे उद्या बोलू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला.

*

ट्रेसा शर्टांच्या कारखान्यातून सुटून आजीकडे आली तेव्हा तिची आई स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी उभी होती. ट्रेसा दारातच थांबली. आईची पाठ तिच्याकडे होती.

"नाही लॉनी, या वर्षी नाही," वर्लीन म्हणत होती. "तारखा लागल्यात हे कळतंय मला... हो, माझं नाव छापलंय, तेही कळतंय... अरे, दुसरी घे कुणीतरी. टेनेसीत गाणाऱ्या बायकांचा दुष्काळ पडलाय का?... नको, माझ्यासाठी थांबू नकोस. मला नाही सांगता येणार कधी ते. असलं कधी सांगता येतं का कुणाला?"

तिने फोन ठेवला आणि कपाळ भिंतीला टेकवलं.

ट्रेसाला हायसं वाटलं. आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. गेले आठ दिवस तिला झोप नव्हती. आई गेली असती तर आजी तिच्या गळ्यात आली असती. घरी दोन वर्षांची पोर, कामाचा पत्ता नसलेला नवरा आणि वर आजीचं औषधपाणी, आंघोळ, रात्रीचं उठणं. म्हणून तिने रविवारी आईला नको ते सुनावलं होतं. "बाबांची माती अजून ओली आहे आणि तू ओठ रंगवून नाचायला निघालीस," असं म्हणाली होती.

"नाही जात आहेस?" ट्रेसाने विचारलं.

"नाही."

"आई, रविवारी मी..."

"खरं तेच बोललीस. ओठ रंगवले होते मी." वर्लीनने तोंडावर पाणी मारलं. "घेवडा शिजलाय. मक्याचा पाव काढ आणि आजीला वाढ. मीठ नको घालूस वरून, कितीही मागू दे."

ट्रेसा ताटली घेऊन आत गेली. ऑर्फा उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास लागायचा.

"मीठ कुठंय?" ऑर्फाने विचारलं.

"नाही मिळणार."

"तुझी आई रडतेय का?"

"नाही गं. कांदा चिरतेय."

"घेवड्यात कांदा नाहीये," घास तोंडात घोळवत ऑर्फा म्हणाली. मग तिने चमचा ताटलीत ठेवला. "उद्यासाठी माझा काळा झगा बाहेर काढ. बैठकीला येणार आहे मी."

"आजी, तुला पायऱ्या चढवत नाहीत."

"डेल्मर उचलेल. मी त्याला उचलत होतेच की."

*

बैठकीला लहान मुलं आणि मंडळीत नसलेले लोक बाहेर थांबतात. ट्रेसा बाहेर गाडीपाशी होती. आत दोन्ही बाजूंच्या बाकांवर मंडळी बसली होती, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. पुढून दुसऱ्या बाकावर ऑर्फा, तिच्या एका बाजूला वर्लीन आणि दुसऱ्या बाजूला विल्मा.

डेल्मरने आईला हातांवर उचलून पायऱ्या चढवल्या होत्या, तेव्हा ती त्याच्या कानात काही बोलेल असं त्याला वाटलं होतं. ती बोलली नाही. नुसता त्याच्या गळ्याभोवती हात टाकून डोळे मिटून राहिली. ती किती हलकी झालीय हे त्याला तेव्हा कळलं, आणि आपण बहिणीला थांबवलं ते बरंच केलं, असंही वाटलं.

प्रार्थना झाली. गाणं झालं. नदीकाठच्या पाणी शिरलेल्या घरासाठी कोण फळ्या देणार तेही ठरलं. मग डेल्मर उभा राहिला आणि दर महिन्याला विचारायचं तेच त्याने विचारलं.

"मंडळीत शांती आहे का?"

कुणी हललं नाही. रॅन्समने घसा खाकरला आणि डेल्मरची नजर तिकडे वळली, पण रॅन्सम नुसताच खोकला. विल्मा आपल्या नखांकडे बघत होती. ठरल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. आता फक्त 'मंडळीत शांती आहे' एवढं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

तेवढ्यात पुढचं बाक कराकरा वाजलं. ऑर्फा त्या बाकाच्या पाठीला धरून उठत होती. वर्लीनला वाटलं तिला बाहेर जायचंय, म्हणून तिने काखेत हात घातला. ऑर्फाने तो हात काढला.

"मंडळीत शांती नाही," ती म्हणाली.

"आई," डेल्मर म्हणाला.

"इथे आई म्हणायचं नाही, बंधू डेल्मर. तक्रार आहे माझी. तक्रार ऐकून घ्यायची असते." तिने दम घेतला. "भगिनी वर्लीन शनिवारी पलीकडे गेली. जिथे दारू विकतात तिथे उभी राहून गायली. मला त्याचं दुःख झालं. हे मी मंडळीपुढे ठेवते."

सगळ्यांनी एकदम डेल्मरकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग होता. आम्हाला गप्प बसवलंस आणि तुझ्याच घरातून हे, असं त्या नजरा म्हणत होत्या. डेल्मरला घाम फुटला. पण एक वाट अजून होती, आणि ती त्याला ठाऊक होती. चूक कबूल करणाऱ्याला आमची मंडळी काढत नाही. रॅन्समला दोनदा दारूसाठी माफ केलेलं आहे.

"भगिनी वर्लीन," तो घाईघाईने म्हणाला, "तुला वाईट वाटतं का? चुकलं म्हण, मंडळी तुला माफ करेल. एवढंच म्हण."

वर्लीन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आईकडे बघितलं. ऑर्फा समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"माझं..." वर्लीन म्हणाली. "माझं चुकलं असेल तर..."

"पुन्हा गाशील का ते विचार तिला," ऑर्फा म्हणाली.

"आई, बस खाली!"

"विचार. पुन्हा कधीही गाशील का. आणि देवाच्या घरात उभी आहेस गं तू. खोटं बोललीस तर माझी लेक नाहीस."

वर्लीनला एक शब्द म्हणायचा होता. नाही, एवढंच. ते म्हटलं असतं तर ती आईशेजारी या बाकावर बसली असती, आणि आईच्या थडग्यापाशी उभी राहिली असती. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग ती म्हणाली, "गाईन. जमेल तेव्हा गाईन."

त्यानंतर डेल्मरला काही करता येण्यासारखं उरलं नाही. ज्यांना हिला मंडळीतून काढावं असं वाटतं त्यांनी उभं राहावं, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंतच पोचला. तरी लोक उठले. पुरुष उठले, बायका उठल्या. ऑर्फा उभीच होती. सगळ्यात शेवटी विल्मा उठली, आणि उठताना तिने वर्लीनच्या खांद्यावर हात ठेवला, तो लगेच काढूनही घेतला. मग रीतीप्रमाणे सगळे एकमेकांचे हात हातात घेत बाकांमधून फिरले, गात गात, आणि वर्लीनचा हात कुणी घेतला नाही.

*

आत काय झालं ते कळल्यावर ट्रेसा परतीला डेल्मरमामाच्या गाडीत बसली. आजीच्या गाडीत बसणार नाही म्हणाली, मोठ्याने, आजीला ऐकू जाईल असं. ऑर्फाला घरी न्यायला वर्लीनच होती. तीच नेत असे.

ओढ्याच्या कडेने गाडी चालली होती. खाणीतला कोळसा वाहणारा, आता बंद पडलेला पट्टा गेला, शाळा गेली. शेवटी वर्लीनने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"का?" ती म्हणाली. "मी थांबणार होते. मी लॉनीला नाही म्हणून कळवलं होतं. स्वतःहून."

"ऐकलं मी. पाय गेलेत माझे, कान नाही."

"मग का? इतक्या लोकांपुढे? तुझं काय वाईट केलं मी?"

"आता तुला थांबायला कारण उरलं नाही," ऑर्फा म्हणाली. "म्हणून."

"तू आहेस ना! तू कारण नाहीस?"

ऑर्फाला दम लागला होता आणि वर्लीनने खिडकीची काच खाली केली.

"होबार्टच्या शेवटच्या वर्षी मी तुझ्याकडे राहायला आले होते," ती म्हणाली. "तू सकाळी कॉफी घेऊन त्याच्या खोलीपाशी जायचीस. आणि दाराबाहेर उभी राहायचीस. कान लावून."

"त्याचा श्वास चालतोय का बघायला."

"हो."

"काळजी वाटायची मला, आई."

"वाटायची. आणि आतून श्वास ऐकू आला की तुझे खांदे खाली यायचे. मी मागे उभी असायचे, मला दिसायचं. बरं वाटलं म्हणून नाही खाली यायचे ते."

वर्लीनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, होबार्टच्या थडग्यापाशी एकटी असतानाही मनाशी बोलली नव्हती.

"लाजू नकोस," ऑर्फा म्हणाली. "तुझ्या बापाच्या दाराशी मीही तशीच उभी राहायचे. चांगला माणूस होता, जीव होता माझा त्याच्यावर, आणि रोज सकाळी मी सुटकेची वाट बघायचे. तिथं उभं राहून काय ऐकतात ते मला ठाऊक आहे. माझ्या दाराशी तू तशी उभी राहिलेली मला नको, पोरी. त्यापेक्षा तू माझ्यावर चिडून लांब गेलेली बरी."

"आणि तुझं कोण करणार?"

"विल्मा करेल. ट्रेसा करेल. शिव्या देत करतील, पण करतील. मी काही त्यांची लाडकी नाही, त्यांनी वाट बघितली तर मला एवढं लागणार नाही."

ओढ्यापलीकडे कुणाची तरी गाय हंबरत होती. वर्लीनचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

"तुझ्या मातीला मी गाणार होते," ती म्हणाली. "लहानपणापासून मला ठाऊक होतं ते. तू शिकवलंस. परसात, कपडे वाळत घालताना. हे माझ्या मातीला म्हणशील, म्हणायचीस."

"आठवतंय."

"आता कोण गाईल?"

"विल्मा."

"विल्मा!"

"मग दुसरं कोण आहे? सून आहे, मंडळीत आहे." ऑर्फाने मांडीवरच्या झग्याची चुणी सारखी केली. "तू कुठं गात असलीस तर गातच राहा त्या दिवशी. धावत यायला नको."

"मी येणार."

"आलीस तर मागच्या बाकावर बस. आणि तोंड मिटून बसायचं. काढलंय तुला."

"विल्माचा सूर चुकला तरी?"

"तो चुकणारच आहे," ऑर्फा म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून लहान मुलीसारखी रडायला लागली.